रेषेच्या आत सगळ्या ‘तू’

मला ‘ए’ म्हणून हाक मारणाऱ्या मुली मी स्वतः तयार केल्या आहेत आणि त्याबद्दल मला कोणाचीही माफी मागायची नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

माझा नियम साधा आहे. बास्केटबॉलच्या कोर्टला चारी बाजूंनी पांढरी रेषा असते. रेषेच्या बाहेर मी मॅडम. रेषेच्या आत पाऊल पडलं की सगळ्या तू. बारा वर्षांची पोर, कॉलेजात जाणारी कॅप्टन आणि गळ्यात शिट्टी अडकवून उभी असलेली पन्नाशीची मी, सगळ्या एकमेकींना तू. पहिल्या आठवड्यात मुलींच्या तोंडून ते निघतच नाही. पुण्यातल्या मुली त्या, चेंडू अंगावर आला तरी त्याला ‘या, बसा’ म्हणतील. ‘मॅडम, तुम्ही जरा बाजूला होता का?’ असं कोणी म्हटलं की मी जागची हलत नाही. ‘सरक!’ म्हटलं की सरकते.

हा नियम मी कुठल्या पुस्तकातून उचललेला नाही. एकोणिसाव्या वर्षी मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली. सकाळी दोन तास चेंडू, संध्याकाळी तीन तास चेंडू आणि मधल्या वेळात फायली. आमच्या ऑफिसच्या संघाची कॅप्टन तेव्हा बत्तीस वर्षांची होती, पेठेतली, बोलणं मोजकं आणि तेही लिंबू पिळून. माझ्या पहिल्याच मोठ्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो. चेंडू तिच्याकडे होता आणि तिच्या मागून समोरच्या संघाची एक मुलगी धावत येत होती. ती कॅप्टनला दिसत नव्हती, मला दिसत होती. मी ओरडले, ‘अहो ताई, तुमच्या मागून येतेय बघा!’ माझं ‘बघा’ म्हणून होईपर्यंत चेंडू त्या मुलीच्या हातात होता. आम्ही ताईंकडे बघेपर्यंत तो आमच्या जाळीतून खाली पडला होता.

सामना संपल्यावर कॅप्टन बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. वर न बघता म्हणाली, ‘पुढच्या वेळी पोस्टकार्ड टाक. तेवढंच लवकर पोचेल.’ मग जरा वेळाने म्हणाली, ‘“मागे!” एवढंच म्हणायचं असतं. कोर्टवर मी तुझी ताई नाही. तू म्हण मला.’

मला ते जमायला एक वर्ष लागलं. लाजेमुळे नाही. आमच्या घरात ‘अहो’ ही मिळवायची वस्तू होती, आणि ती अशी कोणाकडून काढून घेणं मला चोरी केल्यासारखं वाटायचं. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. वडील तिकडून पुण्यात आले आणि एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून चिकटले. बत्तीस वर्षं तिथे त्यांना सगळे ‘अरे’ म्हणायचे. काल लागलेला बावीस वर्षांचा कारकूनसुद्धा ‘अरे, पाणी आण’ म्हणायचा. वडील घरी येऊन त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण आम्हा भावंडांना त्यांनी एकमेकांशी बोलतानाही ‘अरे ए’ म्हणू दिलं नाही. नावाने हाक मारायची, पूर्ण नावाने. निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी त्यांना खुर्ची पुढे करून ‘अहो, बसा’ म्हटलं. ते वडिलांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आई शेवटी म्हणाली, आता बसा खरंच.

खेळले मी चौदा वर्षं. राज्याकडून खेळले, दोनदा देशाचा शर्ट अंगावर घातला. त्या शर्टाचा अभिमान मला आजही आहे, आणि तो लपवण्याचा विनय माझ्यात नाही. मग गुडघ्यातून आवाज यायला लागला. जिना चढताना मी येतेय हे घरच्यांना दार वाजायच्या आधी कळायचं. डॉक्टर म्हणाले, आता बास. मी प्रशिक्षणाचा कोर्स केला आणि स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या क्लबात मुलींची कोच म्हणून लागले. तिथल्या एका सभासदांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मुलींना जरा फिट ठेवा, बाकी काही नाही.’ मी म्हटलं, फिट ठेवायला बागेत चालायला जा म्हणावं, माझ्याकडे आल्या तर जिंकायला शिकतील. अकरा वर्षं मी तिथे होते.

नियमाचं घरी कळलं तेव्हा वडील ऐंशीच्या जवळ पोचले होते. एकदा सराव बघायला आले. एका सातवीतल्या मुलीने मला ‘ए, तुझं लक्ष कुठंय?’ विचारलेलं त्यांनी ऐकलं. रिक्षात बसल्यावर ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘काहून गं? तुले लोकांनी अहो म्हणावं म्हणून म्या जिंदगी घातली, अन् तू पोरींकडून तू म्हणून घेते?’ पन्नासहून जास्त वर्षं पुण्यात काढूनही रागावले की त्यांची भाषा गावाकडे जाते.

मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला ते अरे म्हणायचे, पण तुम्ही त्यांना अरे म्हणू शकत नव्हतात. ही मुलगी मला तू म्हणते आणि मीही तिला तू म्हणते. दोन्हीकडून आहे ते.’

‘मले नाही पटत,’ ते म्हणाले. मला वाईट वाटलं, पण नियम बदलला नाही.

आता जिच्यासाठी हे सगळं सांगतेय त्या मुलीकडे येते. कात्रजहून बसने यायची, सोळा वर्षांची, संघात सगळ्यांत बुटकी. गार्ड म्हणून खेळायची, म्हणजे चेंडू पुढे घेऊन जायचा आणि बाकीच्या चौघींना कुठे धावायचं ते ओरडून सांगायचं. तिचा आवाज असा की कोर्टच्या एका टोकाला ‘डावी!’ म्हटलं तर रस्त्यावरचे रिक्षावाले डावीकडे वळतील. आई बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर असायची. ती मला म्हणाली होती, ‘घरी हिला हळू बोल, हळू बोल करून आम्ही थकलो. तुमच्याकडे तरी काही उपयोग होतोय.’ उपयोग काय, त्या आवाजावर माझा अख्खा संघ चालत होता. ती ओरडली की उंच उंच पोरी धावत सुटायच्या.

क्लबच्या वर्धापनदिनाला गमतीचा सामना ठेवायची पद्धत होती. प्रत्येक संघात तीन मुली आणि कमिटीतले दोन ज्येष्ठ. कार्याध्यक्ष स्वतः तरुणपणी क्लबकडून खेळलेले, सदुसष्ट वर्षांचे, अजून ताठ, बोलणं अत्यंत शुद्ध. लहान मुलीलाही ‘आपण’ म्हणायचे. ते याच मुलीच्या संघात होते. त्यांच्याकडे चेंडू आला आणि ते तो छातीशी धरून थांबले, कारण समोर फोटोग्राफर होता. मुलगी जाळीखाली मोकळी उभी. ती ओरडली, ‘ए, दे ना! फोटो नंतर काढ!’

सगळे हसले. कार्याध्यक्षही हसले, चेंडू दिला, तिने बास्केट केली, टाळ्या पडल्या. मला वाटलं, विषय संपला. पण कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं होतं. दोन दिवसांत सभासदांच्या ग्रुपवर, मग त्यांच्या नातवंडांच्या ग्रुपवर, मग म्हणे अमेरिकेत असलेल्या कार्याध्यक्षांच्या मुलानेही ते परत त्यांनाच पाठवलं, खाली हसरे चेहरे लावून. तिसऱ्या दिवशी मला कमिटीचं पत्र आलं. मुलीने लेखी माफी मागावी आणि ती सर्व खेळाडूंसमोर वाचून दाखवावी. तोपर्यंत तिला जिल्ह्याच्या स्पर्धेच्या संघात घेऊ नये. आणि यापुढे मैदानावर सर्वांनी परस्परांशी आदराने बोलावे. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती.

मी तिला म्हटलं, काही लिहायचं नाही. माझा नियम आहे, मी निस्तरते. पण त्या संध्याकाळी ती कोर्टवर उतरली. ती ओरडत नव्हती. चेंडू हवा असला की टाळ्या वाजवत होती. मी विचारलं, ‘काय गं, घसा बसला?’ तर म्हणाली, ‘नाही मॅडम. तुम्ही म्हणाल तसं करते.’ रेषेच्या आत उभी राहून मला ‘तुम्ही’ म्हणाली. मला इतका राग आला की शिट्टी दातांत धरून मी नुसती उभी राहिले. तिच्यावर नव्हे. सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज एका पत्राने बंद होतो, याचा.

मग मी कमिटीसमोर गेले. सात खुर्च्या, मधल्या खुर्चीत कार्याध्यक्ष. ‘आपण बसावं,’ ते म्हणाले. मी बसले. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की प्रश्न त्यांच्या व्यक्तिगत मानाचा नाही, संस्थेच्या संस्कारांचा आहे. तेवढ्यात मैदान सांभाळणारे काका चहाचा ट्रे घेऊन आत आले. कार्याध्यक्षांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठेच असतील. रोज पहाटे येऊन कोर्ट झाडायचे, फाटलेल्या जाळ्या स्वतःच्या हाताने विणायचे. कार्याध्यक्ष त्यांच्याकडे न बघता म्हणाले, ‘ठेव रे इथे. आणि पंखा वाढव.’

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी म्हटलं, ‘मुलगी माफी मागेल. पण तिच्या आधी तुम्ही यांची मागा.’

‘कोणाची?’

‘यांची. तुमच्यापेक्षा मोठे आहेत. अकरा वर्षं मी ऐकतेय, तुम्ही सगळे यांना अरे-तुरे करता.’

‘मॅडम, आपण विषयाला फाटे फोडू नका.’

‘हाच विषय आहे.’

‘ते आमच्या घरच्यासारखे आहेत,’ एक सभासद म्हणाले.

‘मग ते तुम्हाला अरे म्हणाले तर चालेल?’

काकांनी पंखा वाढवला, रिकामा ट्रे उचलला आणि मान खाली घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाइलवर आणखी एक पत्र आलं. आपल्या बहुमोल सेवेबद्दल संस्था आपली ऋणी आहे, आपणांस पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा, वगैरे. सहा ओळींत सात वेळा ‘आपण’ होतं, मी मोजलं. इतक्या आदराने मला आजवर कोणी हाकललं नव्हतं.

वडिलांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, काकांची गोष्ट ऐकून तरी त्यांना माझं पटेल. त्यांनी विचारलं, ‘मग तो माणूस काय म्हणला?’

‘काही नाही. ट्रे उचलून गेले.’

‘म्याही तेच केलं असतं,’ वडील म्हणाले. ‘तू त्याले विचारलं होतं का आधी?’

नव्हतं विचारलं. माझे चेंडू आणायला क्लबात गेले तेव्हा काकांना भेटले आणि चुकले म्हटलं. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही बोलून निघालात. मला उद्या त्याच खुर्च्या लावायच्यात.’ जे बोलले ते खरंच होतं, पण ते दुसऱ्याच्या जिवावर बोलले, हे मला मान्य आहे.

त्याच आठवड्यात मुलीच्या आईचा फोन आला. ‘मॅडम, तिने माफी लिहून दिली. वाचूनही दाखवली. मीच सांगितलं तिला. स्पर्धेचं सर्टिफिकेट हवंय आम्हाला. तुमच्या तत्त्वांवर तिचं ॲडमिशन होणार नाही.’ त्यात खोटं काय होतं? मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले. कमिटीसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पण ती मुलगी चौदा पोरींसमोर उभी राहून कागद वाचतेय, हे मला डोळ्यांसमोरून हलवता येईना.

कात्रजच्या एका शाळेच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं. एका बाजूला उतार, एका जाळीची कडी वाकलेली. मुख्याध्यापिका माझ्याविरुद्ध कधीकाळी खेळलेली निघाली. तिने किल्ली दिली आणि म्हणाली, ‘तेव्हा फार कोपरं मारायचीस तू.’ क्लबातून माझ्यामागे सहा जणी आल्या. बास्केटबॉलला पाच लागतात, म्हणजे एक जास्तच होती. रेषा पुसट झाल्या होत्या, त्या आम्ही बादलीत पांढरा रंग कालवून नव्याने मारल्या. सहा जणींना घेऊन मी त्याच जिल्हा स्पर्धेत नाव घातलं. लोक म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. मी म्हटलं, हात तर दाखवू दे.

उपांत्य फेरीत समोर क्लबच आला. पहिल्या रांगेत कार्याध्यक्ष, पांढरा झब्बा, शेजारी दोन सभासद. क्लबच्याच संघातून उतरलेल्या त्या मुलीने मला लांबून नमस्कार केला. सामना सुरू झाला आणि पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं की आम्ही जिंकतोय. माझ्या सहा जणी घसा फोडून एकमेकींना सांगत होत्या, ‘मागे! सोड! तुझी आहे ती, धर तिला!’ आणि क्लबच्या पाच जणी मूकपणे धावत होत्या. ती मधे उभी राहून टाळ्या वाजवत होती. मध्यंतराला आम्ही नऊ गुणांनी पुढे होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मी पाण्याची बाटली उघडून तशीच हातात धरून बसले होते.

तिसऱ्या सत्रात ती जाळीखाली पूर्ण मोकळी सुटली. आसपास कोणी नाही. चेंडू तिच्या मैत्रिणीकडे, मैत्रिणीची पाठ तिच्याकडे. तिने टाळ्या वाजवल्या. कोलाहलात कोणाला ऐकू जाणार? मैत्रिणीने चेंडू भलतीकडेच फेकला. मला राहवलं नाही. मी बाकावरून उठले आणि ओरडले, ‘अगं, टाळ्या काय वाजवतेस, भजनाला आलीस का? ओरड!’

पंचांनी शिट्टी मारून मला ताकीद दिली. माझी कॅप्टन कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली. ‘ए, तू कुणाची कोच आहेस?’

‘तुमचीच.’

‘मग बस ना खाली.’

मी बसले. तिचं बरोबर होतं. समोर पाहिलं तर ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मग तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. खेळ सुरू झाला, चेंडू पुन्हा क्लबकडे आला, आणि कोर्टच्या त्या टोकाकडून तो आवाज आला. ‘ए! इकडे! मला दे! झोपलीस का तू?’

क्लबच्या उंच पोरी झोपेतून हलवल्यासारख्या धावत सुटल्या. ‘डावी! आता जा! सोड, सोड, मार!’ नऊचे सहा झाले, सहाचे दोन. मी माझ्या मुलींना जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, खोटं खेळले नाही, एक खेळाडू जास्तीची होती तीही आत-बाहेर करून झाली. शेवटच्या दहा सेकंदांत ती बुटकी माझ्या कॅप्टनला चुकवून आत घुसली आणि त्यांनी आम्हाला एका गुणाने हरवलं. कार्याध्यक्ष उभे राहून टाळ्या पिटत होते. जिंकताना कोणाला व्याकरण आठवत नाही. माझ्या पोरी रडत होत्या. मलाही वाईट वाटत होतं, कारण हरायला मला मनापासून आवडत नाही.

मग दोन्ही संघ रांगेने हात मिळवायला कोर्टच्या मध्यभागी आले. ती शेवटची होती. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा कार्याध्यक्ष पंचांच्या टेबलाकडे जाताना आमच्या मागेच थांबले होते, बहुधा तिची पाठ थोपटायला. ते तिला दिसत होते. तिने माझा हात हातात घेतला, जोरात दाबला, आणि त्यांना स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, ‘हरलीस!’